आगोटीच्या दिवसांत वाचलेली एक काळोखी कादंबरी (रसभंग आहे, आधीच सांगते)

सुरंगी

यंदा पावसाने आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, पुरी होऊच दिली नाही. २५ मेला मान्सून देवगडात आला असं बातम्यांत सांगत होते, पण आमच्या दापोलीच्या किनाऱ्याला तो त्याआधीच आठवडाभर मुक्कामाला होता. आमसुलं अर्धी ओली, फणसाची साठं ताटातच बुरसली, लाकडं आत घ्यायची राहिली. त्यात लाइट गेली ती तीन दिवस. सासूबाई माजघरात बसून पावसाला शिव्या घालत होत्या आणि मी पडवीत डोक्याला बॅटरी बांधून ऑक्टेव्हिया बटलरची 'पॅरेबल ऑफ द सोअर' वाचत होते. भाचीने पुण्याहून धाडलेली. आत चिठ्ठी: "मामी, काळोखी आहे, पण सोडू नकोस."

पुस्तक १९९३चं. सगळं रोजनिशीत लिहिलेलं, आणि पहिलीच नोंद २० जुलै २०२४, शनिवार. मी उठून मागच्या वर्षीचं कॅलेंडर शोधलं. गुरुपौर्णिमेचा आदला दिवस, वार शनिवारच. वार काय, कोणीही हिशेब करून काढेल, पण अंगावर काटा आला खरा. लेखिकेने तीस वर्षं आधी जगबुडीसाठी नेमलेल्या त्या दिवशी मी लावणीच्या बायकांसाठी भाकऱ्या भाजत होते.

गोष्ट थोडक्यात: लॉस एंजेलिसपासून वीसेक मैलांवर रोब्लेडो नावाचं गाव. तिथे भोवती भिंत घालून राहणारी काही घरं. भिंतीबाहेर भूक, लुटालूट, आणि आग लावण्यातच ज्याची नशा आहे असलं एक ड्रग. पिण्याचं पाणी पेट्रोलपेक्षा महाग. पोलीस येतात ते पैसे घेऊन, आणि येऊनही काही होत नाही. लॉरेन ओलामिना ही पंधरा वर्षांची मुलगी. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि प्राध्यापक. हिला एक विचित्र दुखणं आहे: समोरच्याला लागलेलं दिसलं की ती कळ हिच्या अंगात उठते. ही भिंत एक दिवस पडणार, हे घरात तिला एकटीलाच पक्कं ठाऊक आहे.

मग ती काय करते? इथे मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि थोडं हसले. ती आगोट भरते! उशीच्या अभ्र्यात सुकं खाणं, काड्यापेट्या, मीठ, थोडे पैसे, बियाणं असं बांधून ठेवते. बापाच्या कपाटातली पुस्तकं काढून कुठलं रानातलं झाड खाता येतं ते वाचते. त्यांच्याकडे ओकच्या झाडाची फळं दळून पाव करतात. ती फळं कडू, कडूपणा पाण्याने काढावा लागतो. मला आमच्या आठळ्या, फणसाच्या बिया, आठवल्या. लाल मातीत घोळवून कोनाड्यात ठेवलेल्या, श्रावणात भाजीला काही नसलं की काढायच्या.

भिंत पडते, हे काही गुपित नाही. त्यानंतर ती पुरुषाचे कपडे घालून हायवेने उत्तरेकडे चालू लागते आणि वाटेत एकेक माणूस जोडत जाते. पुढचं लिहीत नाही.

मला विचारायचंय ते असं. भाची म्हणते हे आशावादी पुस्तक आहे. मला अडीचशे पानं तर फक्त प्रेतं दिसली. तरी मिटलं तेव्हा मन जड नव्हतं, का ते कळत नाही. कोणी वाचलंय का?

भरतीओहोटी

"पुढचं लिहीत नाही" म्हणता म्हणता भिंत पाडलीत की ताई. :) वाचनखूण साठवली.

दर्यातलो_बांगडो

मियां ह्यां पुस्तक अर्ध्यार सोडलंय. राती वाचूक घेतलंय नि झोपच येयना. लॉरेनचो भाव मरता थंयसर मिटून ठेवलंय तां आजून कपाटात आसा.

निवृत्त_मास्तर

सुरंगीताई, छान लिहिलंत. मी दोनदा वाचली आहे. दुसऱ्यांदा वाचली ती चिपळूणच्या पुरानंतर, म्हणून दोन शब्द.

माझ्या मते कादंबरीचा कणा भिंत पडण्यात नाही, त्याआधीच्या एका छोट्या प्रसंगात आहे. लॉरेन मैत्रिणीला सांगते, आपलं हे सगळं टिकणार नाही, तयारी करायला हवी. मैत्रीण घाबरून आईला सांगते आणि वस्तीभर बोभाटा होतो. बाप लॉरेनला बोलावून घेतो. मला वाटलं, आता मुस्कटात बसणार. पण तो म्हणतो त्याचा आशय असा, की लोकांना भीती घालू नकोस, शिकव. भीती घातलीस की चार दिवस घाबरतील, मग तुझ्यावरच चिडतील आणि पुन्हा झोपी जातील. मग भूकंपाच्या तयारीचं निमित्त करून सामान बांधून ठेवायची सवय लावायची असं ठरतं.

चौतीस वर्षं शाळेत काढली, पण अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात मला हे इतकं स्वच्छ कुठे सापडलं नाही.

२००५च्या जुलैत चिपळूण बुडालं. आम्ही भिंतीवर पाण्याची रेघ आखली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली, आणि पुस्तकं परत खालच्याच मजल्यावर लावली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी पुन्हा आत आली. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, १८६४ सालापासूनच्या वाचनालयाची, हजारो पुस्तकं गेली. चिखलात पुस्तक कसं होतं ते सांगतो. पानं फुगतात, बांधणी फुटते, आणि दोन दिवसांनी हाताला लागते ती लापशी. ओंजळीत घेऊन बघितली मी. कुठलं पुस्तक होतं तेही कळेना.

माझ्या घरातली जी प्रत बचावली ती वरच्या माळ्यावर होती म्हणून. ती हीच. योगायोगच, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

सुरंगी

मास्तर, तो बापाचा प्रसंग मी भराभर वाचून पुढे गेले होते. आत्ता परत काढून वाचला. तुमचंच खरं.

चाकरमानी_गुहागरचा

मी वाचली आहे आणि मला अजिबात आशावादी वाटली नाही. ताईंचा आगोटीचा दाखला गोड आहे, पण फसवा आहे. आगोट कशाची भरतो आपण? पावसाची. पाऊस येणार हे ठाऊक असतं, कधी येणार ते साधारण ठाऊक असतं, चार महिन्यांनी जाणार हेही ठाऊक असतं. जे कधी आलंच नाही त्याची आगोट कशी भरणार? आणि लॉरेनच्या अभ्र्यातल्या सामानाने तिचं घर थोडंच वाचलं? भाऊ गेले, बाप तर नुसता नाहीसाच झाला.

दुसरं. ती हायवेवरची चाल. लोकांना ती भविष्यकथा वाटते. मी मे २०२०च्या टाळेबंदीत पनवेलपासून माणगावापर्यंत चाललोय. पाठीला सॅक, तोंडाला बायकोची ओढणी. रात्री चालायचं आणि दिवसा पुलाखाली पडायचं. पुढेमागे सगळे आपलेच, कोणी लांज्याचा, कोणी संगमेश्वरचा, पण जवळ कोणी कोणाच्या जात नव्हतं. पुस्तकात लिहिलंय अगदी तसंच: नजर चुकवायची, पण लक्ष ठेवायचं. माणगावाला एका टेम्पोवाल्याने आंब्याच्या रिकाम्या क्रेटांमध्ये बसवून आणलं.

आणि वाडीच्या तोंडाशी आलो तर वाट बंद. बाभळीच्या फांद्या टाकलेल्या, वर बांबू आडवा. पलीकडे उभे होते ते माझ्याबरोबर शाळेत होते. चौदा दिवस शाळेच्या खोलीत काढले. आई गडग्यापलीकडून डबा ठेवून जायची.

रोब्लेडोची भिंत आतून पाहिलेल्यांना पुस्तक आशावादी वाटत असेल. मी बाहेरून पाहिली आहे.

पोफळीवाला

+१. आमच्याकडेही तेच झालं होतं. लिहायला धीर लागतो.

धुमशान

बाकी सगळं ठीक, पण अठरा वर्षांची मुलगी आणि सत्तावन्न वर्षांचा डॉक्टर हे प्रकरण कोणाला खटकलं नाही का? मला तिथून पुढे तो बँकोल बोलायला लागला की पानं उलटावीशी वाटायची. आणि मधूनमधून येणाऱ्या त्या ओव्या! बदल हाच देव वगैरे. आमच्याकडे कीर्तनकार हे चार आण्यात सांगून गेले.

कातळफूल

खटकलं. मला वाटतं लेखिकेने ते खटकावं म्हणूनच ठेवलंय, लॉरेन काही सोज्वळ नायिका नाही. ओव्यांबद्दल असहमत. पंधरा वर्षांच्या मुलीने बापाच्या देवाला पर्याय शोधताना वहीत लिहिलेल्या ओळी म्हणून वाचा, मग त्यातला कच्चेपणा बरा वाटतो. पुढे मोठी माणसं तिला त्यावरून उलटसुलट प्रश्न विचारतात, ते प्रसंग तर फार चांगले आहेत. कोणी लगेच पायावर डोकं ठेवत नाही.

पण मला लिहायचंय ते शीर्षकावर. हा दाखला बायबलमधला, लूकच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातला. पेरणारा बी टाकत जातो. काही वाटेवर पडतं, पाखरं खातात. काही खडकावर पडतं, उगवतं आणि ओल नाही म्हणून वाळतं. काही काट्यांत पडतं. काही चांगल्या जमिनीत पडतं आणि शंभरपट येतं. कादंबरी याच उताऱ्यावर संपते.

आता मी राजापूरच्या सड्यावरची. आमच्याकडे वाट, खडक आणि काटे हेच तिन्ही आहेत, चौथी जमीन नकाशात नाही! आजोबांनी काजू लावले तेव्हा कातळाला सुरुंग लावून खड्डे केले, खालच्या मळ्यातली माती डोक्यावरून आणून भरली, आणि पहिले दोन उन्हाळे कावडीने पाणी घातलं. त्या काजूवर माझं शिक्षण झालं. म्हणून ती ओळ वाचली की मला वाटतं, खडकावर पडलेलं बी वाळलं ते ठीक, पण पेरणारा माणूस कुठे गेला होता?

गंमत म्हणजे लॉरेनही शेवटी हेच करते. जिथे जायचं म्हणून शेकडो मैल चालले, ती डॉक्टरची जागा म्हणजे जळकं घर आणि बहिणीच्या कुटुंबाची हाडं. तिथे थांबायचं की नाही यावर ती माणसं चक्क भांडतात. मग राहायचं ठरतं. ज्याची त्याची माणसं मेली त्यांच्या नावाने ओक लावतात. मला तिथे रडू आलं नाही. पाणी कुठून आणणार, हिवाळ्याचं काय, हे प्रश्न आधी आले. आणि ते त्यांनाही आलेले होते, पुढच्याच पानांवर.

चाकरमानी, तिचं घर अभ्र्यातल्या सामानाने वाचलं नाही हे खरंच. पण ती वाचली, आणि तिच्या पिशवीत बियाणं होतं. ते ती घर वाचवायला बांधत नव्हती.

चाकरमानी_गुहागरचा

हम्म. हे पटतंय थोडं. पण वाटेवरच्या बांबूचं कोणी बोलत नाही.

सुरंगी

बोलते.

आमच्या वाडीच्या तोंडाशीही बांबू होता. बांधणाऱ्यांत आमचे हे होते, आणि सगळ्यांना चहा मी दिला. शेजारच्या घरातला मुलगा डोंबिवलीहून आला तेव्हा मी पडदा सारून खिडकीतून बघत होते. त्याची आई माझ्या विहिरीवर पाण्याला यायची, तिला मी "चार दिवस थांब गं" म्हणाले. विहीर माझी एकटीची नाही, सामायिक आहे.

त्या वेळी चुकीचं वाटलं नाही. सासूबाई ऐंशीच्या, तालुक्याला ऑक्सिजनची बोंब, असं सगळं होतं. आजही तेव्हाची भीती खोटी होती असं म्हणवत नाही. पण पुस्तकात लॉरेन आणि तिचे दोन सोबती रस्त्याकडेला झोपतात, बाळ घेतलेलं एक जोडपं जवळपास थांबतं, आणि लॉरेन त्यांना एकदम ये म्हणत नाही. लांबून बघते. कुत्री अंगावर येतात तेव्हा मदतीला धावते, तरी रात्रीचा पहारा चालूच ठेवते, हत्यार हातातच. तिथे मला आमची विहीर आठवली. पहारा ठेवूनही पाणी देता आलं असतं. दोर लांब होता, घागर लांब ठेवता आली असती. सुचलंच नाही.

चाकरमानी, तुमच्या वाडीतल्यांच्या वतीने मला काही म्हणता येणार नाही.

चाकरमानी_गुहागरचा

नका म्हणू. तुम्ही लिहिलंत तेवढं पुरे. त्यातला एक जण गेल्या गणपतीत आमच्याकडे आरतीला आला होता. आम्ही क्रिकेटवर बोललो.

खगोलखुळा

अवांतर: लॉरेनच्या त्या 'बदल हाच देव' पंथाचं अंतिम ध्येय माणसाने दुसऱ्या ताऱ्यांवर रुजायचं हे आहे, आणि सुरुवातीच्याच नोंदींत मंगळावर मेलेल्या एका अंतराळवीर बाईचा उल्लेख येतो. २०२१च्या फेब्रुवारीत नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी मंगळावर उतरली, त्या उतरण्याच्या जागेला ऑक्टेव्हिया बटलरचं नाव दिलंय. बाई २००६मध्ये गेल्या, त्यांना हे बघायला मिळालं नाही. पुस्तकही २०२०मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्यांदा आलं. टाळेबंदीत लोकांनी काढून वाचलं असणार.

धुमशान

आता ताऱ्यांवर जाऊन रुजायचं, आणि इथे आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी. चालू द्या.

पोफळीवाला

मी पुस्तक वाचलेलं नाही, धागा वाचतोय. पण पोफळीचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो, कातळफूलबाईंच्या काजूवरून आठवलं.

मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२०ला दुपारी निसर्ग वादळ आमच्यावरूनच गेलं. तास-दीड तासात वाडी झोपली. पोफळी वाकत नाही, मधूनच काडकन मोडते, आणि एक मोडली की शेजारचीला घेऊन पडते. नारळ समूळ उपटले. माझ्या आजोबांनी लावलेली झाडं होती, रोठा सुपारी. पाऊस थांबल्यावर बाहेर आलो तर घरातून समुद्र दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदा. पोरं खूश झाली, "बाबा, सी व्ह्यू!" मी हसावं की रडावं.

वडील तेव्हा चौऱ्याहत्तरचे. आठवडाभर बोलले नाहीत. मग एक दिवस पडलेल्या झाडांखालून पिकल्या सुपाऱ्या वेचायला लागले. मला वाटलं विकायला. तर त्यांनी रोपं घातली. मी म्हटलं, अहो, पोफळ धरायला सहा-सात वर्षं, तोवर... पुढचं बोललो नाही. ते म्हणाले, "मग आजच घालायला हवीत ना."

दुसरी अडचण अशी की पोफळीच्या रोपाला सावली लागते आणि सावलीची झाडं तर सगळी पडलेली. म्हणून आधी केळी लावल्या. म्हणजे सुपारीसाठी सावली आणि सावलीसाठी केळ. यंदा पाच-सहा झाडांना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आलीय. वडील आहेत, पण आता दिसत कमी. हात लावून बघतात.

हे तुमच्या पुस्तकात बसतं की नाही ठाऊक नाही.

कातळफूल

बसतं. पुस्तकच नको मग वाचायला तुम्हाला.

निवृत्त_मास्तर

वाचा, वाचा. आणि दुसरा भागही आहे, 'पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स', १९९८चा. आधीच सांगतो, तो अधिक काळोखी आहे. पहिल्या भागात जे उभं केलं ते दुसऱ्यात टिकतंच असं नाही. लॉरेनची मुलगी आईवर भरपूर राग काढते, आणि तिचं काही अगदीच चुकतं असं नाही. त्यातला एक राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार अमेरिकेला पुन्हा महान करायच्या घोषणेवर निवडून येतो. १९९८मध्ये लिहिलंय, एवढंच नोंदवून गप्प बसतो.

भरतीओहोटी यांची क्षमा मागून.

भरतीओहोटी

आता माझ्यासाठी दोन्ही पुस्तकांत मलपृष्ठ तेवढं उरलं.

दर्यातलो_बांगडो

तुमी सगळ्यांनी इतक्या लिवल्यात म्हणान काल परत काढलंय. भाव मेलो तां वाचून झाला. आता बापूस हरवलो. तुमी कोणी आदी कित्याक सांगल्यात नाय?

सुरंगी

चाकरमान्यांनी सांगितलं होतं की वर! पुढे चला. बाप जातो त्यानंतर ती चर्चमध्ये उभी राहून बोलते तो भाग सावकाश वाचा.

धुमशान

एक खरा प्रश्न. बायको विचारतेय. आठळ्या मातीत ठेवताना आधी धुवायच्या का? आमच्या दोन वर्षं ओळीने कुजल्या.

सुरंगी

धुवायच्या, पण सावलीत खडखडीत सुकू द्यायच्या. वरचा पांढरा पापुद्रा वाजायला लागला पाहिजे. मग लाल मातीचा घट्ट चिखल लावून परत सुकवायच्या. ओल्या ठेवल्यात तर कुजणारच. यंदा ऊनच नाही, म्हणून मी चुलीच्या वरच्या फळीवर पसरल्यात.

पोफळीवाला

राखेत घोळवल्या तरी चालतात. आई तसंच करायची.

धुमशान

राख कुठून आणू, गॅस आहे. माती बघतो.

सुरंगी

पाठवते. परवा भाचा चिपळूणला जातोय, मास्तरांकडे पुस्तक द्यायचंच आहे, दुसरा भाग त्यांच्याकडून घेऊन येईल. माती आणि शेरभर आठळ्या तिथे ठेवायला सांगते. तुमचं चिपळूणला येणंजाणं असतं ना? लाइट परत गेली, मोबाइल सहा टक्के.